सायकलवाला मरतो तेव्हा पंचनामा कोण वाचतो?

यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला शेतकरी आत्महत्या आठवतात. त्या आत्महत्यांची निदान मोजणी होते. पात्र-अपात्रचा खेळ होतो, त्यावर आपण भांडतो, पण आकडा निघतो. सायकलवरून जाताना मेलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र पेपरात चार ओळी येतात. अज्ञात वाहनाची धडक, सायकलस्वार जागीच ठार, गुन्हा दाखल, पुढील तपास सुरू. पुढील तपास कुठपर्यंत गेला हे ना पेपर सांगतो, ना आपण विचारतो.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अपघात अहवाल दरवर्षी निघतो. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली असे तो सांगतो. पुरुष किती, बाई किती, वय किती, कोणत्या वाहनावर, कोणत्या रस्त्यावर, सगळे रकाने आहेत. जातीचा रकाना नाही. म्हणून या मेलेल्यांत आपले किती हे आम्ही आकड्यात सांगू शकत नाही, आणि अंदाजाने ठोकून देणार नाही. पण पहाटे सहाला यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीकडे, वणीच्या खाणीकडे, आर्णी किंवा पांढरकवड्याच्या बाजाराकडे सायकल मारत कोण निघालेले असते ते डोळ्यांना दिसते. चौकीदार, झाडूवाला, हमाल, रोजमजूर, ज्याला फायनान्सवाल्याने मोटारसायकल दिली नाही किंवा दिली आणि हप्ता थकल्यावर ओढून नेली तो. आणि शाळेच्या मुली. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. ही योजना चांगली आहे, तिने आपल्या कितीतरी मुली दहावीपर्यंत नेल्या. प्रश्न असा की सायकल दिली, रस्ता कोणता दिला?

आपल्या चळवळीला सायकल परकी नाही. कांशीरामसाहेबांनी 1983 साली डीएस-4च्या झेंड्याखाली शंभर सायकली घेऊन सात राज्ये पालथी घातली. दोन पाय आणि दोन चाके असली की माणूस कुठेही पोचतो, हे त्यांनी दाखवून दिले. आज त्याच सायकलवाल्याला गावातून तालुक्याला जिवंत पोचता येत नसेल तर तो आपला विषय नाही, वाहतूक पोलिसांचा आहे, असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशी आमचे जमत नाही.

मयताच्या घरी गेलो की पहिले वाक्य ठरलेले असते. "काय करता बाप्पा, तेवढीच लिहून आणली होती." हे वाक्य बौद्ध घरात ऐकले की आम्हाला जास्त लागते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घरात आहे, बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत कसा नाकारला ते वंदनेच्या वेळी आपण सांगतो, आणि घरातला माणूस ट्रकखाली गेला की लगेच कपाळावर लिहिलेले आठवते. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, ही आपली शिकवण आहे. रस्त्यावरच्या मरणाला ती लावून बघितली की कपाळावर काही दिसत नाही, डांबरावर दिसते.

त्यासाठी आधी दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. धडक का झाली, हा एक. धडक झाल्यावर माणूस खरचटून उठला की मेला, हे कशाने ठरले, हा दुसरा. अमेरिकेत विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरने 1970च्या सुमारास ही फोड करून ठेवली: धडकेआधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर, अशा तीन वेळा; आणि प्रत्येक वेळी माणूस, वाहन आणि रस्त्याची परिस्थिती तपासायची. आपल्याकडे पहिल्याच प्रश्नावर, तोही फक्त "चूक कोणाची" एवढ्यावर, गाडी अडते. दुसरा प्रश्न पंचनाम्यात येतच नाही.

आमच्या वस्तीचेच घ्या. एकाच रस्त्यावर एका हिवाळ्यात दोघांना धडक बसली. नववीतली एक मुलगी, शाळा सुटल्यावर दुपारी चारला. मागून मोटारसायकल आली, मुलगी कडेच्या काळ्या मातीत पडली, मांडीचे हाड मोडले. आज ती चालते. आणि एक काका, साठीच्या पुढचे, रात्रपाळीला निघालेले, साडेसातचा अंधार. मागून टिप्पर. डोके डांबरावर आपटले. त्यांना यवतमाळला नेले, तिथून नागपूरला रेफर केले, नागपूर आले नाही. टिप्परचा नंबर कोणी घेतला नाही. दोघांच्या सायकली सारख्याच होत्या, दोघेही डाव्या बाजूने चालले होते, दोघांच्याही डोक्यावर काही नव्हते. लोक म्हणाले, पोरीचे नशीब चांगले. आम्ही मग बसून वहीत दोन रकाने केले आणि काय काय वेगळे होते ते लिहीत गेलो. पुढचे लिखाण त्या वहीतून निघाले आहे.

सगळ्यात वर वेग लिहिला. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. हे शाळेतले विज्ञान आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कारने पायी माणसाला 50 ऐवजी 65च्या वेगाने धडक दिली तर त्याच्या मरणाचा धोका साडेचार पट होतो. फक्त पंधराचा फरक. सायकलवाल्याचे शरीरही पायी माणसासारखेच उघडे असते. म्हणून जिथे माणसे आणि गाड्या एकत्र चालतात तिथे 30च्या वर जाऊ नये असे जगभरात म्हटले जाते, 2020च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही तेच आहे. आपल्याकडे 2018च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मालट्रकला 80 आणि कारला 100 चालते. त्याच रस्त्याला गाव लागून आहे, गावात शाळा आहे. 2022च्या अहवालात 71 टक्के मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून अतिवेग लिहिला आहे. आणि वेगमर्यादा पाळणारा 80चा ट्रकसुद्धा सायकलवाल्याला मारतो, ते कुठल्याच टक्क्यात येत नाही.

मग वजन. सायकल आणि माणूस मिळून ऐंशी-नव्वद किलो, भरलेला टिप्पर कित्येक टनांचा. पण वजनापेक्षाही वाईट गोष्ट ट्रकच्या पोटाखालची मोकळी जागा. घासून गेलेला ट्रक सायकलवाल्याला बाजूला फेकत नाही, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये आत ओढतो. म्हणून मालवाहू गाडीला बाजूने आणि मागून अडसर बसवणे केंद्रीय मोटार वाहन नियमांत सक्तीचे आहे. वणी भागातल्या कोळशाच्या रस्त्यावर उभे राहून आम्ही गाड्या बघितल्या आहेत. कुठे तो लोखंडी पाइप वाकलेला, कुठे तारेने बांधलेला, कुठे नाहीच. फिटनेसच्या दिवशी तो असतो म्हणे.

अंधाराचे गणित सरळ आहे. 80च्या वेगाने ट्रक सेकंदाला 22 मीटर जातो. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस तीस-चाळीस मीटरवर आल्यावर दिसतो. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायलाच सेकंद-दीड सेकंद लागतो. म्हणजे उजेडात नुसती धडक झाली असती किंवा टळलीही असती, तिथे अंधारात ट्रक पूर्ण वेगाने येऊन आदळतो. (आपला निळा शर्ट, निळी टोपी रात्री काळीच दिसते, हे जयंतीच्या मिरवणुकीतून रात्री सायकलने घरी जाणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवावे.) जुनी माणसे सांगतात, एकेकाळी सायकलला डायनामो नसला तर शिपाई हवा सोडायचा आणि नगरपालिकेचा बिल्ला तपासायचा. तो जाच गेला ते बरे झाले, पण दिवाही गेला. सायकलला रिफ्लेक्टर सक्तीचे करणारा आदेश 2020 साली निघाला. जुन्या सायकलींचे काय? आठ-दहा रुपयांच्या लाल चकतीसाठी कोणाचा आदेश कशाला हवा, हा प्रश्न आम्ही आपल्याच मंडळांना विचारतो.

आता ज्या मुद्द्यावर आमचे इंजिनिअर लोकांशी सगळ्यात जास्त भांडण आहे तो. यवतमाळ जिल्ह्यातून नागपूर-हैदराबादचा 44 क्रमांकाचा महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. तुळजापूर-नांदेडकडून बुटीबोरीला जाणारा 361 क्रमांकाचा महामार्ग उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा जिल्हा चिरत जातो. हे रस्ते चौपदरी झाले, मध्ये दुभाजक आला. आमचा रस्त्याला विरोध नाही; पूर्वी ज्या खड्ड्यांतून बाळंतीण न्यावी लागायची ते आम्ही विसरलो नाही. पण दुभाजक आल्यावर गावाच्या समोरचे शेत दूर गेले. मधली फट एक-दोन किलोमीटरवर. सर्व्हिस रोड कुठे आहे, कुठे अर्ध्यात संपतो, कुठे नाही. शेतावर जाणाऱ्या बाईने सायकल हातात धरून दोन किलोमीटर पुढे जावे, वळावे, दोन किलोमीटर मागे यावे, असे नकाशा सांगतो. ती तसे करत नाही. कोणीच करणार नाही. ती उलट्या बाजूने जाते.

उलट्या बाजूचा हिशेब आम्ही केला. ट्रक 80चा, सायकल 15ची. मागून धडक बसली तर सायकलवाल्याला 65चा फटका बसतो. समोरून बसली तर 95चा. ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे समोरच्या धडकेत फटका दुपटीहून जास्त. पंचनाम्यात लिहितात, "सायकलस्वार विरुद्ध दिशेने येत होता." झाले, चूक मयताची. पुढे विमा कंपनीचा वकील हेच वाक्य न्यायाधिकरणापुढे वाचतो. फट दोन किलोमीटरवर कोणी ठेवली, सर्व्हिस रोड का संपला, हे त्या कागदावर कुठेच नसते. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने कलम 198-अ घातले आहे. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे न केल्याने कोणी मेला किंवा अपंग झाला तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. एक लाख म्हणजे त्यांना चहापाणी, हे मान्य. पण त्या कलमाखाली नाव लागणे त्यांना परवडत नाही. ते नाव लावायला आपण किती वेळा गेलो?

इथे बाबासाहेबांचा स्वतःचा अपघात आठवल्याशिवाय राहत नाही. चाळीसगावचा, 1929 सालचा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी तो तपशिलात लिहिला आहे. आपल्या भाषणांत तो टांगेवाल्याच्या जातीयतेचा प्रसंग म्हणून येतो आणि तिथेच संपतो. आम्ही तो पुन्हा पंचनामा म्हणून वाचला.

बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात दौऱ्यावर होते. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र राहण्याचा आग्रह धरला. स्टेशनवरून चालत जाता येण्याइतकी वस्ती. पण पाहुण्याला चालवत नेणे त्यांना कमीपणाचे वाटले, आणि एकही टांगेवाला महाराला बसवून हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही. वस्तीतला एक जण हाकायला बसला, ज्याने टांगा हाकला नव्हता. थोडे पुढे जातो तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरचा फरशीचा पूल. त्या पुलाला कठडा नव्हता, कडेला नुसते अंतरा-अंतरावर दगड लावलेले. घोडा बिथरला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब उडून फरशीवर पडले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. पाय मोडला. आणखी थोडे पुढे पडले असते तर?

हॅडनचे तीन रकाने इथे लावून बघा. धडकेआधी: जातीमुळे शिकलेला हाकणारा मिळाला नाही. धडकेच्या क्षणी: पुलाला कठडा नाही. धडकेनंतर: वस्ती पलीकडच्याच काठावर होती, लोकांनी उचलून नेले. टांगेवाल्यांना बाबासाहेबांना मारायचे नव्हते. त्यांनी फक्त आपला दर्जा राखला. बाकीचे काम बिनकठड्याच्या पुलाने केले. जात रस्त्यावर अशीच काम करते. कोणी ट्रकवाला जात विचारून धडक देत नाही, हे आम्हालाही कळते. पण गावाच्या कडेला ढकललेली वस्ती, त्या कडेनेच गेलेला बायपास, वस्तीच्या तोंडाशी न लागलेला दिवा आणि ग्रामपंचायतीच्या ठरावात शेवटी राहिलेला वस्तीचा जोडरस्ता, यांत जात नाही असे कोण म्हणेल?

शरीराचे आणि दवाखान्याचे थोडक्यात. म्हाताऱ्या माणसाचे हाड आणि मेंदू तोच फटका तरण्याइतका सोसत नाही. हेल्मेटचा उपयोग होतो. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर सायकलवाल्याच्या डोक्याच्या जखमा त्याने 63 ते 88 टक्क्यांनी कमी होतात असे दिसले. आपल्यातले काही जण हेल्मेटचा विषय निघाला की चिडतात, गरिबावर आणखी एक खर्च म्हणून. आमचे म्हणणे, सरकारने सायकलच्या पैशांबरोबर मुलींना हेल्मेट आणि दिवाही द्यावा. मात्र सायकलचे हेल्मेट ताशी वीसेक किलोमीटरच्या आपटण्यासाठी तपासलेले असते, टिप्परसाठी नाही. रस्त्याचा प्रश्न हेल्मेटवर ढकलणाऱ्याला एवढे उत्तर पुरे. दवाखान्याचे म्हणाल तर डोक्याला मार लागला की उमरखेड, वणी, झरी कुठूनही यवतमाळचे शासकीय रुग्णालय शंभरेक किलोमीटर, आणि तिथून पुन्हा नागपूर किंवा सेवाग्राम. 2025 पासून अपघातातल्या जखमीला सात दिवस, दीड लाखापर्यंत बिनपैशाचा उपचार देणारी केंद्राची योजना आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना ती माहीत आहे?

आणि एक जखम कोणत्याच दवाखान्यात नोंदत नाही. ती नववीतली मुलगी बरी झाली, पण तिच्या मागच्या गल्लीतल्या चार मुलींच्या सायकली त्या दिवसापासून भिंतीला टेकल्या. आईबापांनी सांगितले, जाऊ द्या, जीव राहिला तर शाळा. दोघी पुढे बसच्या पासवर गेल्या, दोघी घरीच राहिल्या. अपघात किती गंभीर होता हे मोजताना त्या दोघींना कोणत्या रकान्यात टाकायचे?

आता आपल्याच लोकांशी थोडे. धडक झाली की आपण रस्ता रोको करतो. ते करावेच. पण आमच्या पाहण्यात त्यातून बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, दुसऱ्या दिवशी टाकलेला गतिरोधक. ना पट्टे, ना पाटी, ना उजेड. महिन्याभरात त्याच्यावरच एखादा सायकलवाला पडतो. दुसरे, ड्रायव्हरला मारणे. तो ड्रायव्हर कोण असतो? कर्जाच्या गाडीवर चौदा-चौदा तास बसलेला, बहुतेक आपल्यासारखाच गरीब घरातला. जास्त माल भरणारा मालक आणि पाइप नसलेल्या गाडीला फिटनेस देणारा साहेब त्या गर्दीत कधीच नसतात. शिवाय मार खाण्याच्या भीतीने ड्रायव्हर पळतो, आणि गाडी अज्ञात झाली की नुकसान मयताच्या घराचे होते. ते कसे, ते पुढे.

तिसरे, "ब्लॅक स्पॉट"च्या मागे लागणे. महामार्गावर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. सायकलवाले असे एका जागी जमून मरत नाहीत. एक आर्णीजवळ, एक कळंबजवळ, एक महागावच्या पुढे. त्यांची जागा यादीत येतच नाही. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांवर माणसे मेली, त्यात चारशेवर लहान मुले. तिथल्या आईबापांनी 'मुलांचे खून थांबवा' या नावानेच संघटना काढली. अपघात हा शब्दच त्यांनी वापरला नाही. आज सायकलसाठी वेगळा रस्ता म्हटले की त्या देशाचे नाव घेतात. तो रस्ता मागून, भांडून मिळवलेला आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्यापुढे आम्ही मागणी ठेवतो आहोत ती अशी: सायकलवाल्यांच्या मृत्यूंची यादी वेगळी करा, आणि प्रत्येक नोंदीत वेग, वाहनाचा बाजूचा अडसर, उजेड, साइडपट्टीची उंची, जवळची फट किती मीटरवर आणि दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ, हे सहा रकाने भरा. फीतपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन हे कोणीही मोजू शकतो. आम्ही आमच्या रस्त्याचे मोजले. साइडपट्टी काही ठिकाणी डांबरापासून वीतभर खाली आहे. ट्रकने हॉर्न दिल्यावर खाली उतरू पाहणारा सायकलवाला तिथे चाक अडकून डांबराकडेच पडतो.

आणि कागदाचे. गाडी सापडली तर कलम 164 खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करता, मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर जखमेसाठी अडीच लाख मालक किंवा विमा कंपनीकडून मागता येतात. त्याहून जास्त मागायचे तर कलम 166 खाली न्यायाधिकरणात दावा, आणि 2019च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेरवी-पुण्यानुमोदनात दोन महिने घालवू नयेत. गाडी अज्ञात राहिली तर कलम 161 खाली मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमेला पन्नास हजार, एवढेच. म्हणून नंबर टिपणे, फोटो काढणे हे पहिले काम, जखमीला उचलण्याच्या बरोबरीने. उचलणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, कलम 134-अ त्यासाठीच आहे. गुन्हा नोंदल्यापासून महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर या भरपाईची माहिती पोलिसांनी घरच्यांना लेखी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये सांगितले आहे. काकांच्या घरी तसे पत्र आले नव्हते. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत जोडून अर्ज अपघात झाला त्या भागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे द्यायचा. अहवाल वर पाठवायला त्यांना एक महिना असतो. आमच्या अर्जावरची आवक तारीख तीन महिन्यांपूर्वीची आहे. पुढच्या सोमवारी काकू, त्यांचा मुलगा आणि आम्ही चौघे तिथे पुन्हा जाणार आहोत. ज्यांच्या गावात असे अर्ज पडून आहेत त्यांनी आपापली पोच घेऊन सकाळी अकराला यावे.